खाल्ल्या मिठाला

परवा दुपारी टँकची काच घासायला हात आत घातला आणि बाळ्या चावली. चावते ती नेहमीच, पण परवा चावून झाल्यावर ती गेलीच नाही. अंगठा आणि बोटाच्या मधल्या बेचक्यात येऊन तशीच हलत राहिली, पंखांनी गुदगुल्या करत. मी आपला स्टुलावर उभा, बाही कोपरापर्यंत भिजलेली, तिकडे गॅसवर चहा. उतू गेला तो गेलाच.

बाळ्या म्हणजे आमची क्लाउनफिश, नारिंगी, अंगावर तीन पांढरे पट्टे. आणि "बाळ्या चावली" हे व्याकरण चुकलेलं नाहीये. आणले तेव्हा दोघं करंगळीच्या पेराएवढे होते, म्हणून बाळ्या आणि बंड्या. मग वाचनात आलं की या जातीत सगळे नर म्हणूनच जन्माला येतात आणि जोडीतला जो दांडगा असतो तो पुढे मादी होतो. तोपर्यंत बारसं उरकलेलं. आता बाळ्या दगडावर अंडी घालते आणि बंड्या आठवडाभर त्या अंड्यांना वारा घालत बसतो, जरा पांढरं पडलेलं अंडं दिसलं की उचलून बाजूला करतो, आणि बाळ्या नुसती दादागिरी करत फिरते. बायको हे सगळं फार समाधानाने बघते.

इंदुरात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणं म्हणजे तसा वेडेपणाच. आमचं पिण्याचं पाणीसुद्धा सत्तर किलोमीटरवरून, नर्मदेकाठच्या जलूदहून, पंपाने चढवून येतं. ती नर्मदा आरओमधून गाळून पार बेचव करायची आणि मग तिच्यात लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ घालायचं. म्हणजे नदी घरी आणून तिचा समुद्र करायचा, जे तिने आपलं आपण भरूचला जाऊन फुकटात केलंच असतं. दीडशे लिटरचा टँक, पहिल्याच दिवशी सव्वापाच किलो मीठ गेलं. आईने तो डबा उचलून बघितला, किंमत विचारली, मी अर्धी सांगितली, तरी ती दोन दिवस बोलली नाही. शेजारचे तर दर रविवारी पोह्यांच्या वेळेला डोकावून विचारतात, "भिया, नमक-वमक तो लग गया, अब तलोगे कब?" लोकमान्य नगरात राहून आमच्या सात पिढ्यांनी बोंबील पाहिला नाही, आणि हे विचारतायत तलोगे कब.

मे महिन्यात जास्त हाल. चिलर परवडत नाही, म्हणून पाण्यावर छोटा पंखा लावलाय, त्याने पाणी गार राहतं पण उडतं पण फार. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून वरून घालायचं ते गोडंच पाणी. हे मी घरात किमान दहा वेळा समजावलंय आणि तरी मी पुण्याला लग्नाला गेलो तेव्हा चिरंजीवांनी प्रेमाने मिठाचं पाणी ओतून ठेवलं. तेव्हापासून मी लग्नांना फारसा जात नाही. निमित्त चांगलं आहे.

तर मुद्दा बाळ्याचा. माझं म्हणणं ती मला ओळखते. मी हॉलमध्ये आलो की दोघं काचेशी येऊन अख्खं अंग हलवतात, बायको आली तर दगडामागे. "मिठाला जागतायत," मी म्हणालो. तर बायको एक दिवस माझा निळा चौकटीचा शर्ट घालून टँकपुढे जाऊन उभी राहिली. दोघं धावत आले. मी काही बोललो नाही. तो शर्ट आता बोहारणीला द्यायचा असं ती म्हणते, मी देऊ देत नाही.

पण 2016 साली ऑक्सफर्ड आणि क्वीन्सलँडच्या संशोधकांनी खरंच हे तपासलं होतं, आर्चरफिशवर. हा मासा तोंडातून पिचकारी मारून किडे पाडतो. त्याला माणसाचा एक चेहरा ओळखायला शिकवला, मग 44 नवे चेहरे दाखवले, तरी तो बहुतेक वेळा बरोब्बर शिकवलेल्या चेहऱ्यावरच थुंकला. मी हे जेवताना वाचून दाखवलं. आई म्हणाली, ओळखीच्या माणसावर थुंकायचं यात नवीन काय.

टँकमधल्या श्रिंपचं, म्हणजे कोळंबीचं, मात्र मला काही कळत नाही. लाल पाठीवर पांढरी रेघ असलेली ती क्लीनर श्रिंप हातावर चढून नखं साफ करते, ती कोणाचीही करते, पाहुण्यांचीसुद्धा. तिच्याबद्दल मला फारसं काही वाटत नाही.

मासे आपल्याला ओळखतात असं आजीलापण वाटायचं. दर कार्तिकात ती आम्हाला ओंकारेश्वरला न्यायची, महूवरून जाणारी ती मीटरगेजची गाडी, काळाकुंडला द्रोणातला कलाकंद, ओंकारेश्वर रोडला उतरून पुढे बस. पितळी डब्यात घट्ट भिजवलेली कणीक. घाटाच्या ठरलेल्या पायरीवर बसून ती हरभऱ्याएवढ्या गोळ्या करायची आणि एकेक सोडायची, आम्ही मूठभर टाकल्या तर मनगटावर चापट. पाणी नुसतं उकळल्यासारखं व्हायचं माशांनी. त्यातला एक शेपटी तुटलेला होता, तो म्हणे तिला ओळखायचा. "बघ, आला की नाही." तो दरवर्षी तोच असायचा की दुसरा कोणी, देव जाणे, शेपट्या तर अनेकांच्या तुटत असतील. बाबा हसायचे. "आई, ते पिठाला ओळखतात, तुला नाही." आजी चिडायची नाही, पुढची गोळी करायची.

ती गेली 94 च्या डिसेंबरात. अस्थी घेऊन आम्ही तिथेच गेलो. गुरुजींचं आटोपलं, पिंड, फुलं सगळं सोडून झालं, माणसं चपला घालायला लागली आणि बाबा त्या पायरीवर जाऊन उभे राहिले. जरा वेळाने पायरीपाशी पाणी हललं. दोन-चार मासे वर आले, मग बरेच आले, तोंडं उघडी. बाबांनी शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही. कणीक कोणीच आणली नव्हती.