हेडसेटच्या आधी राउटर : वायरविना पीसी-व्हीआर जुळवण्याचा माझा अनुभव

१२ नोव्हेंबर २०२५ ला व्हॉल्व्ह या गेम कंपनीने ‘स्टीम फ्रेम’ हा व्हीआर (आभासी जग दाखवणारा) हेडसेट जाहीर केला आणि सगळी चर्चा पडद्यांवर गेली. दर डोळ्याला २१६० × २१६० पिक्सेल, पातळ पॅनकेक लेन्स, १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं), शिवाय प्रायोगिक म्हणून १४४. माझी नजर थांबली ती सोबत येणाऱ्या छोट्या यूएसबी डोंगलवर. हा डोंगल पीसीला लावायचा आणि तो ६ गिगाहर्ट्झवर थेट हेडसेटशी बोलणार. घरच्या वाय-फायसाठी हेडसेटमध्ये ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ वेगळा. त्या घोषणेतली सगळ्यात कामाची ओळ माझ्या मते हीच. मेटाच्या क्वेस्ट ३ हेडसेटवर पीसीवरचा व्हीआर गेम ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ वायरविना नीट चालेपर्यंत जी खटपट करावी लागते, तिच्यातली निम्म्याहून जास्त वाय-फायची असते. ती कशी केली आणि कुठे अडलं, ते इथे लिहितो.

सामान असं : क्वेस्ट ३, आरटीएक्स ४०६० (८ जीबी) ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम असलेला डेस्कटॉप, आणि फक्त हेडसेटसाठी ठेवलेला वाय-फाय ६ चा वेगळा राउटर. अ‍ॅलिक्सची किमान अट २०२० सालची आहे, जीटीएक्स १०६० (६ जीबी) आणि १२ जीबी रॅम. पण ती वायरने जोडलेल्या हेडसेटचा विचार करून लिहिलेली. वायरविना खेळताना त्याच ग्राफिक्स कार्डला प्रत्येक चित्र दाबून व्हिडिओसुद्धा बनवावा लागतो, म्हणून थोडी जास्त ताकद हाताशी हवी.

चित्र पीसीवर तयार होतं, कार्ड ते कॉम्प्रेस करतं, राउटर ते हवेत सोडतो, हेडसेट ते उलगडून डोळ्यापुढे धरतो. ९० हर्ट्झला एका चित्राच्या वाट्याला ११.१ मिलिसेकंद येतात, ७२ हर्ट्झला १३.९, १२० ला जेमतेम ८.३. या चार टप्प्यांपैकी कुठे उशीर होतोय हे कळलं नाही, तर माणूस उगाच गेमचे ग्राफिक्स कमी करत बसतो. म्हणून मी व्हर्च्युअल डेस्कटॉप हे विकतचं अ‍ॅप वापरतो. त्याच्या स्ट्रीमिंग टॅबमधला परफॉर्मन्स ओव्हरले (चित्रावरच आकडे दाखवणारी पट्टी) चालू केला की गेम, एन्कोडिंग (दाबणं), नेटवर्क आणि डिकोडिंग (उलगडणं) असे चारही आकडे वेगवेगळे दिसतात. २०२३ च्या अखेरीस आलेलं व्हॉल्व्हचं स्टीम लिंक अ‍ॅप फुकट आहे आणि पहिल्यांदा बसवायला सोपं आहे, सुरुवात त्याने करायला हरकत नाही. पण दोष शोधायचा तर ओव्हरले हवाच.

पहिल्या दिवशी तिथे गेम ८, एन्कोडिंग ६, डिकोडिंग ९ मिलिसेकंद दिसत होतं आणि नेटवर्क मात्र ३० ते ७० च्या मध्ये उड्या मारत होतं. मान वळवली की कडेला काळी पट्टी यायची, दर दहा-पंधरा सेकंदांनी चित्राचे चौकोन पडायचे. राउटर दोन मीटरवर, मध्ये अडथळा नाही. दोष हवेत नव्हताच, पीसीपासून राउटरपर्यंतच्या केबलमध्ये होता. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट असं जाऊन लिंक स्पीड पाहिला तर १००/१०० मेगाबिट. व्हिडिओ सेकंदाला १५० मेगाबिटचा आणि रस्ता १०० चा, मग रांग लागणारच.

अशा वेळी केबलचं टोक उजेडात धरून बघावं. आरजे-४५ कनेक्टरचं प्लास्टिक पारदर्शक असतं, आत आठ रंगीत तारा एका ओळीत पिनांपर्यंत गेलेल्या दिसायला हव्यात. माझ्या केबलमध्ये चारच होत्या : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी. म्हणजे फक्त १, २, ३ आणि ६ या पिना जोडलेल्या. निळी आणि तपकिरी जोडी बाहेरच कापून टाकलेली. इंटरनेटचं कनेक्शन घरात आणताना अशी केबल सर्रास मारली जाते, कारण १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. त्या केबलवर इंटरनेट व्यवस्थित चालतं, चित्रपट चालतात, कधीच शंका येत नाही. कंपनीतून टोकं लावून आलेली १० मीटरची कॅट-६ केबल टाकली, लिंक १०००/१००० झाली आणि नेटवर्कचा आकडा ६ ते ८ वर येऊन बसला. चित्र पडद्यावर येईपर्यंतचा सगळा वेळ धरून एकूण उशीर ४० ते ४५ मिलिसेकंद. वायरविना खेळात याहून फार खाली जाता येत नाही आणि अ‍ॅलिक्ससारख्या गेमला तेवढा पुरतो. ठेक्यावर मारामारीचे गेम खेळणाऱ्यांनी ते हेडसेटवरच थेट चालवावेत, पीसीवरून नकोत.

राउटरबद्दल एक गोष्ट पक्की धरावी : पीसी वायरवर आणि हेडसेट हवेत. दोघंही वाय-फायवर असले तर तेच चित्र त्याच हवेतून दोनदा जातं. वेगळा राउटर घेतला तर तो अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवायचा, म्हणजे पीसी आणि हेडसेट एकाच नेटवर्कवर राहतात. नाहीतर हेडसेटला पीसी सापडतच नाही. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ एकाच नावाखाली आणणारी स्मार्ट कनेक्टची सोय बंद करून ५ ला वेगळं नाव द्यावं. ती चालू असली तर हेडसेट कधी गुपचूप २.४ वर जातो ते कळत नाही.

मग चॅनेल. सोसायटीच्या इमारतीत फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर उघडला की ३६ ते ४८ वर शेजाऱ्यांची गर्दी दिसते. मी १४९ वर, ८० मेगाहर्ट्झ रुंदी घेऊन थांबलो. तिथे हेडसेटचा लिंक रेट १२०१ मेगाबिट येतो. १६० मेगाहर्ट्झला तो २४०२ दिसतो आणि मोह होतो, पण ३६ ते ६४ असा सलग पट्टा घेतला की त्यात रडारसाठी राखीव चॅनेल येतात. राउटरला रडारची नुसती शंका आली तरी त्याला ती जागा सोडावी लागते आणि ऐन खेळात चित्र जातं. हे आठवड्यातून एकदाच घडेल, पण घडेल तेव्हा डोक्यावर हेडसेट असतो आणि आपण अंधारात असतो. ८० वर समाधानी राहावं.

इथेच त्या डोंगलची किंमत कळते. ६ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची गर्दी नसते. भारतात ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त करण्याचे मसुदा नियम केंद्राने मे २०२५ मध्ये काढले. त्याआधी इथे घेतलेल्या वाय-फाय ६ई (६ गिगाहर्ट्झही वापरणाऱ्या) राउटरमध्ये ६ गिगाहर्ट्झचा रेडिओ असूनही तो बंद ठेवलेला असू शकतो. खोक्यावरच्या ‘६ई’ या अक्षरांवर विसंबू नका, राउटरच्या अ‍ॅडमिन पानावर ६ गिगाहर्ट्झची ओळ दिसते का ते बघून मगच पैसे द्या.

कोडेकवर, म्हणजे व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीवर, फार वेळ घालवायला नको. आरटीएक्स ४० मालिकेचं कार्ड असेल तर एव्ही१ १०-बिट, १५० मेगाबिट. ३० मालिकेला एव्ही१ एन्कोड करता येत नाही, तिथे एचईव्हीसी १०-बिट घ्यावं. अ‍ॅलिक्समध्ये अंधारे बोगदे खूप आहेत आणि ८-बिटमध्ये काळोखाच्या छटांचे पट्टे पडतात, म्हणून १०-बिटचा आग्रह. बिटरेट २०० ला नेला तर डिकोडिंगला २ ते ३ मिलिसेकंद जास्त लागतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. ८ जीबीच्या कार्डावर दर्जा ‘हाय’, ९० हर्ट्झ, आणि स्टीमव्हीआर या व्हॉल्व्हच्या व्हीआर सॉफ्टवेअरमधलं रेझोल्यूशन १०० टक्क्यांवर बांधून ठेवलेलं. हे शेवटचं राहिलं तर दोन्हीकडून रेझोल्यूशन वाढत जातं आणि कार्डाची मेमरी संपते. बऱ्याच नव्या गेममध्ये व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या स्वतःच्या रनटाइममुळे (गेम आणि हेडसेट यांना जोडणारं सॉफ्टवेअर) स्टीमव्हीआर टाळता येतं. अ‍ॅलिक्समध्ये टाळता येत नाही, तो स्टीमव्हीआरच्याच ओपनव्हीआर या पायावर बांधलेला आहे.

आता खोली. २ मीटर × २ मीटर मोकळी जागा धरली तरी आपल्याकडे वर पंखा असतो, आणि अ‍ॅलिक्समध्ये उंच फळीवरचं सामान काढायला हात वर जातोच. खेळाच्या जागेचा मध्य पंख्याखाली येऊ देऊ नका. कपाटाच्या आरशावर चादर टाकावी, कारण हेडसेटच्या कॅमेऱ्यांना आरशात दुसरी खोली दिसते आणि ट्रॅकिंग (आपण कुठे आहोत ते ओळखणं) सरकतं. पांढऱ्या भिंती आणि एकरंगी गुळगुळीत फरशी असेल तर कॅमेऱ्यांना धरायला खुणा मिळत नाहीत, एखादी नक्षीची सतरंजी अंथरली तरी काम होतं. चोकवाली जुनी ट्यूबलाइट असेल तर क्वेस्टच्या सेटिंग्जमधली ट्रॅकिंग फ्रीक्वेन्सी तपासा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, तिथे ६० निवडलेलं राहिलं तर हात थरथरल्यासारखे दिसतात. अमेरिकेहून कुणासोबत मागवलेल्या हेडसेटवर हे आवर्जून बघावं. आणि लेन्सवर उन्हाची तिरीपही पडू देऊ नका. लेन्स भिंगासारखं काम करते, काही मिनिटांत पडद्यावर कायमचा डाग पडतो.

क्वेस्ट ३ चं वजन ५१५ ग्रॅम आहे आणि ते जवळजवळ सगळं चेहऱ्यावर येतं. सोबत येणारा कापडी पट्टा अर्ध्या तासात गालाची हाडं दुखवतो. मागे कडक आधार असलेला पट्टा आणि त्यात अडकवलेली पॉवर बँक यांनी तोल सावरतो, शिवाय बॅटरीही पुरते. नुसत्या आतल्या बॅटरीवर दोन तासांच्या आसपास मिळतात. पॉवर बँक १८ वॉट पीडी (जलद चार्जिंग) देणारी असावी, साधी असेल तर चार्ज हळूहळू उतरतच राहतो. चष्मा असेल तर आतल्या बाजूची बटणं दाबून चेहऱ्याची गादी पुढे ओढता येते, चार टप्पे आहेत. चष्म्याची काच लेन्सला टेकू देऊ नका, ओरखडा निघत नाही. डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर आरशासमोर मिलिमीटरच्या पट्टीने मोजून तोच आकडा हेडसेटच्या चाकावर लावा. अंदाजाने लावलं तर पंधरा मिनिटांनी कपाळ दुखतं आणि दोष गेमला दिला जातो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हेडसेट सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवावा, आणि लेन्स कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसावी. सॅनिटायझर किंवा स्पिरिटने तिच्यावरचा लेप जातो.

सगळं जुळलं की नाही हे बघायला अ‍ॅलिक्सच्या सुरुवातीलाच एक उत्तम जागा आहे. गेममधल्या सिटी १७ या शहरावर उघडणाऱ्या बाल्कनीनंतर काचेच्या खिडक्या येतात, तिथे मार्कर ठेवलेले आहेत. एक उचलायचा आणि काचेवर वेगात ‘श्री’ काढायची. उशीर ४५ च्या खाली असेल तर शाई मार्करच्या टोकाला चिकटून चालते आणि वेलांटीचं वळण हाताला जसं जाणवतं तसंच उमटतं. ८० च्या पुढे गेलं की टोक पुढे आणि रेघ मागून येते, वेलांटी उतरून गेल्यावर तिची गोलाई दिसते. नंतर मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवत दूरच्या विजेच्या तारांकडे बघायचं. एकेक तार दोन-दोन दिसली तर चित्रं गळतायत, ९० वरून ७२ हर्ट्झवर या. मळमळ बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. नवख्याने अ‍ॅलिक्समध्ये चालण्याचा पर्याय ‘ब्लिंक’ (क्षणात उडी मारून जाणं) ठेवावा, वळण ४५ अंशांच्या टप्प्याने घ्यावं आणि पहिले काही दिवस पंधरा मिनिटांत थांबावं. मळमळ सहन करत खेळून सवय होत नाही, उलट हेडसेट बघूनच नको वाटायला लागतं.

एवढं सगळं केल्यावर नव्या घोषणा वाचण्याची पद्धत बदलते. हेडसेटच्या घोषणेत मी आधी वजन आणि ते कुठे ठेवलंय ते बघतो. स्टीम फ्रेम पट्ट्यासकट ४४० ग्रॅम आणि बॅटरी डोक्याच्या मागे, हे मला रेझोल्यूशनपेक्षा जास्त पटतं. मग डोळ्यांचं ट्रॅकिंग, कारण नजर जिथे आहे तिथलाच भाग ठळक पाठवायची त्यांची पद्धत नेमकी वर सांगितलेल्या बिटरेटच्या अडचणीवर उपाय आहे. सोनीच्या प्लेस्टेशन ५ (पीएस५) साठीच्या पीएस व्हीआर२ हेडसेटच्या पीसी अ‍ॅडॉप्टरचं उदाहरण तर प्रत्येकाने ध्यानात ठेवावं. ऑगस्ट २०२४ मध्ये तो आला तेव्हा पीसीवर एचडीआर (जास्त उजळ-गडद छटा) नाही, डोळ्यांचं ट्रॅकिंग नाही, हेडसेटचं कंपन नाही, आणि डिस्प्लेपोर्ट १.४ केबलही वेगळी घ्यायची. पीएस५ साठी छापलेले आकडे पीसीवर तसेच लागू होत नाहीत.

गेमच्या ट्रेलरमध्ये शेवटच्या दोन सेकंदांतली चिन्हं वाचावीत. ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड नेक्सस’ क्वेस्टपुरता, ‘बॅटमॅन: अर्खम शॅडो’ फक्त क्वेस्ट ३ आणि ३एस वर, ‘होरायझन कॉल ऑफ द माउंटन’ पीएस व्हीआर२ पुरता. ‘मेट्रो अवेकनिंग’ मात्र क्वेस्ट, पीएस व्हीआर२ आणि पीसी अशा तिन्हीकडे आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर होऊन २३ मार्च २०२० ला अ‍ॅलिक्स हातात आला आणि तो पीसीशी जोडता येणाऱ्या जवळपास कुठल्याही हेडसेटवर चालतो. माझ्या दृष्टीने चांगल्या घोषणेचं माप ते. एकाच हेडसेटला बांधलेल्या गेमसाठी मी हेडसेट घेणार नाही, कुणाला सुचवणारही नाही.

स्टीम फ्रेमची किंमत त्या घोषणेत नव्हती. व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक भारतात अधिकृतपणे आला नाही, तेव्हा हाही बाहेरूनच आणावा लागेल असं धरून वॉरंटीचा विचार आधी करावा. हातात आला की डोंगल मी दोन ठिकाणी लावून बघणार : एकदा टेबलाखालच्या पीसीच्या मागच्या पोर्टला, जिथे लोखंडी कॅबिनेट मध्ये येतं, आणि एकदा एक्स्टेन्शन केबलने टेबलावर उभा करून. दोन्ही वेळा त्याच काचेवर ‘श्री’ काढायची आणि शाई टोकामागे किती राहते ते बघायचं.