परक्या शहरात खायचं तर आधी घड्याळ बघा

नव्या शहरात खायला बाहेर पडताना बहुतेकांच्या डोक्यात 'कुठे' असतं. त्याआधी 'किती वाजता' हे ठरवलं तर निम्मं काम होतं. दुकान तेच, आचारी तोच, पदार्थही तोच. पण दुपारी साडेबाराला पातेलं नुकतंच उतरलेलं असतं आणि चार वाजता त्याच पातेल्याच्या तळाशी उरलेलं तिसऱ्यांदा गरम होत असतं. नेटवर दोघांना स्टार मात्र सारखेच. चवीचा आणि पोटाचा, दोन्ही हिशेब शेवटी एकाच जागी येतात: पदार्थ आचेवरून उतरून किती वेळ झाला?

चवीचं कारण उघड आहे. तळलेल्या पदार्थाच्या आतली वाफ बाहेर येऊन वरच्या पापुद्र्यात मुरली की कुरकुरीतपणा गेला, आणि त्याला फार वेळ लागत नाही. पोटाचं कारण जंतूंच्या वाढीत आहे. शिजवलेलं अन्न 60 अंश सेल्सियसच्या वर किंवा 5 अंशांच्या खाली राहिलं तर जंतू फारसे वाढत नाहीत. मधल्या पट्ट्यात झपाट्याने वाढतात. म्हणूनच शिजवलेलं अन्न बाहेर तसंच दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 'परत चांगलं उकळलं की झालं' ही समजूत अर्धीच खरी. भातात, पिठूळ पदार्थांत बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात. भात कोमट पडून राहिला की ते रुजतात, विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. हातावरून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या विषाचंही तसंच. त्यामुळे आडवेळी भूक लागली तर पातेल्यातलं काही मागू नये. समोर तव्यावर, निखाऱ्यावर किंवा तेलात नव्याने होणारं मागावं.

प्रत्येक शहराचं खाण्याचं वेळापत्रक असतं आणि ते पाहुण्याच्या भुकेची पर्वा करत नाही. घाऊक बाजाराभोवतीच्या टपऱ्या हमाल आणि विक्रेत्यांसाठी पहाटे पेटतात. हॉटेलातून आरामात आवरून दहाला पोचणाऱ्याला तिथे घासलेली भांडी दिसतात. कचेऱ्यांच्या भागात दुपारी उत्तम जेवण मिळतं आणि सुट्टीच्या दिवशी तिथे कुत्रं फिरकत नाही. एकच पदार्थ एकाच पातेल्यात करणारी दुकानं पातेलं संपलं की बंद होतात, पाटीवर वेळ काहीही लिहिलेली असो. अशा ठिकाणी उशिरा गेल्यावर दुकान बंद दिसलं तर ती त्या दुकानाची शिफारसच समजावी. मोठ्या रेस्टॉरंटात उलट प्रकार: दार अकरापर्यंत उघडं असतं, पण स्वयंपाकघर त्याआधीच आवरायला घेतलेलं असतं. म्हणून 'किती वाजेपर्यंत उघडं आहे' असं न विचारता 'शेवटची ऑर्डर कधी घेता' असं विचारावं. मासे खायचे असतील तर लिलावाचा सुट्टीचा वार कोणता ते कळून घ्यावं, कारण त्या दिवशी ताटात येणारा मासा आदल्या दिवसाचा किंवा बर्फातला असणार.

गूगल मॅप्सवर बऱ्याच दुकानांच्या पानावर तासागणिक गर्दीचे उभे पट्टे दिसतात. सगळ्यात उंच पट्ट्याच्या अर्धा तास आधी पोचावं. माल ताजा असतो, आचारी वैतागलेला नसतो, बसायला जागा मिळते आणि चार प्रश्न विचारले तर उत्तरं मिळतात.

आता 'कुठे'. प्रसिद्ध देवळाच्या, किल्ल्याच्या किंवा चौपाटीच्या तोंडाशी असलेल्या दुकानाला वाईट खायला घातल्याची शिक्षा होत नाही, कारण आजचं गिऱ्हाईक उद्या येणारच नसतं. उलट इस्पितळ, न्यायालय, कॉलेज, मंडई यांच्या आसपास तीच माणसं रोज जेवतात. तिथे मीठ जास्त पडलं तर दुसऱ्या दिवशी बाकं रिकामी राहतात. प्रेक्षणीय जागेपासून दोन-तीन गल्ल्या मागे गेलात तरी फरक कळतो.

नेटवरचे अभिप्राय वाचायचे तर सरासरी स्टार सोडा. 'सर्वात नवे' असा क्रम लावा आणि तीन स्टारवाले वाचा; पाचवाले खूश असतात, एकवाले रागावलेले असतात, तीनवाले नेमकं काय खाल्लं ते सांगतात. गिऱ्हाइकांनी काढलेल्या फोटोंत दरफलक आणि ताटाचा आकार दिसतो. पदार्थाचं नाव स्थानिक लिपीत टाकून शोधलं तर वेगळीच यादी येते. पाहुण्यांच्या भाषेत अभिप्राय न मिळालेली दुकानंही त्यात वर येतात.

माणसांना विचारणं याहून चांगलं, पण प्रश्न बरोबर हवा. 'इथे चांगलं काय मिळतं?' असं विचारलं की समोरचा पाहुण्याला शोभेल असं महागडं नाव सांगतो. 'तुम्ही आज दुपारी कुठे जेवणार?' किंवा 'हा पदार्थ घरी पाहुणे आले की कुठून आणता?' असं विचारा. औषधाच्या दुकानातला माणूस, भाजीवाली, न्हावी, सुरक्षारक्षक यांना परिसर तोंडपाठ असतो. लॉजच्या काउंटरवरचं उत्तर थोडं चाळून घ्यावं. तिथे कधीकधी कमिशनचं नातं असतं.

दुकानासमोर पोचल्यावर लगेच ऑर्डर देऊ नका. पाच मिनिटं बाजूला उभं राहून बघा. पहिली गोष्ट, खप. दहा मिनिटांत घाणा संपतोय का, की तळून ठेवलेल्या ढिगावरून माशा उठतायत? दुसरी गोष्ट, तेल. तळणीचं तेल साधारण 170 ते 180 अंशांवर हवं. पदार्थ सोडताच भोवती जोरात बुडबुडे आले तर तेल तापलेलं आहे. पदार्थ मुका पडून राहिला तर तो तेल पिणार आणि जड होणार. गर्दीच्या वेळी घाईत कढई गच्च भरली जाते, तेल गार पडतं आणि एरवी चांगल्या दुकानातही तेलकट माल मिळतो. त्यामुळे दोन घाणे थांबलेलं बरं. तेल काळपट असेल, वर न मोडणारा फेस धरत असेल आणि मंद आचेवरही धूर येत असेल तर ते कित्येक वेळा वापरून झालंय. तिथून निघा.

तिसरी गोष्ट, हात. पैसे घेणारा आणि वाढणारा वेगळा असेल तर उत्तम. एकच माणूस असेल तर तो झारा-चिमट्याने वाढतो का ते बघा. आणि त्याच्या खांद्यावरचं फडकं बघा: त्याच फडक्याने गाडा, हात, ताटली आणि कपाळ पुसलं जातं का? ताटल्या एकाच बादलीत विसळल्या जात असतील तर कागदावर, पानावर किंवा द्रोणात मागा. ओली ताटली मिळाली तर आपल्या कागदी रुमालाने कोरडी करून घ्या.

बहुतेक जण इथे एक गोष्ट चुकतात. तळलेला किंवा भाजलेला पदार्थ तपासतात आणि त्यावर ओतलं जाणारं गार काहीबाही विसरतात. उकळत्या तेलातून आलेला पदार्थ सहसा निर्धोक असतो. त्यासोबतची कच्च्या पानांची पातळ चटणी, सकाळी कापलेला कांदा, उघड्या भांड्यातली मलई, कच्च्या अंड्याचा सॉस: आग न लागलेलं आणि साध्या तापमानाला तासन्‌तास राहिलेलं सगळं तिथे असतं. पोट बिघडल्यावर दोष मात्र तळलेल्याला. वरचं सगळं वेगळं मागून घ्यावं आणि वास, रंग बघून ठरवावं. कापून ठेवलेली फळं टाळून सोलायचं फळ घ्यावं. पालेभाजीची कच्ची कोशिंबीर पहिल्या दोन दिवसांत नको. पानांच्या घड्यांमध्ये पाणी अडकतं आणि ते पाणी कुठलं हे आपल्याला दिसत नाही.

बर्फाचंही तेच. गोठवल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, झोपतात. पेयात मद्य आहे म्हणून बर्फ शुद्ध होतो हाही गैरसमजच. वाफाळता चहा सगळ्यात बिनधोक.

चकाचक हॉटेलातला बुफे खात्रीचा आणि रस्त्यावरची गाडी धोक्याची, हे समीकरण डोक्यातून काढा. बुफेच्या ट्रेखालची मेणबत्ती अन्न 60 अंशांवर ठेवतेच असं नाही. बुफेला जायचंच तर सुरुवातीच्या अर्ध्या तासात जा आणि वाफ दिसत नसलेल्या ट्रेला हात लावू नका.

ऑर्डर देताना भूक आवरायला हवी. पोट भरल्याची जाणीव पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात पहिल्याच दुकानात माणूस गच्च होतो. दोघांत एक प्लेट, आणि संध्याकाळी चार ठिकाणं, हे प्रमाण पेलतं. मधे वीस मिनिटं चालणं ठेवा. सोड्याची पेयं जागा खातात, ती शेवटी. सौम्य आधी, तिखट नंतर. उलट केलं तर तिखटानंतर सौम्य पदार्थाची चव लागतच नाही. आणि पहिला घास लिंबू, सॉस, मीठ काहीही न घालता घ्या, म्हणजे आचाऱ्याने काय केलंय ते कळतं. मेनूकार्ड जाडजूड असेल तर त्यातलं निम्मं फ्रीझरमधून येणार हे गृहीत धरा आणि शेजारच्या तीन टेबलांवर जे सारखं दिसतंय ते मागवा.

तिखट झेपलं नाही तर पाणी पिऊन उपयोग नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाणी फक्त ते तोंडभर पसरवतं. दूध किंवा दही घ्या, त्यातलं केसीन हे प्रथिन ते धुऊन नेतं. काहीच नसेल तर साखर जिभेवर ठेवा.

शाकाहारी माणसाने आणि ॲलर्जी असलेल्याने चिठ्ठीशिवाय बाहेर पडू नये. 'शाकाहारी' या शब्दाला अनेक ठिकाणी 'मांसाचे तुकडे नाहीत' एवढाच अर्थ असतो. हाडांचं पाणी, माशाचा सॉस, वाटलेली सुकी कोळंबी, जनावराची चरबी यांना कोणी मांस समजत नाही. म्हणून चिठ्ठीवर एकेक जिन्नस लिहा: मटण नको, कोंबडी नको, मासे नकोत, कोळंबी नको, मांसाचं पाणी नको, चरबी नको, अंडं नको. भाषांतराच्या ॲपमधून आलेलं वाक्य तसंच वापरू नका. ते उलट मराठीत आणून बघा. 'नको'चं 'पाहिजे' झालेलं असतं. शक्यतो लॉजवरच्या कोणाकडून मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि ती चिठ्ठी वेटरच्या हाती न सोडता आत आचाऱ्यापर्यंत जाऊ द्या. शेंगदाण्यासारखी ॲलर्जी असेल तर तळणीचं तेल कोणतं आणि त्याच कढईत आणखी काय तळलं जातं हेही विचारायचं.

पैशांबाबत थोडकं. वजनावर मिळणाऱ्या मासळीचा दर 100 ग्रॅमचा आहे, किलोचा की नगाचा, ते तराजूवर ठेवण्याआधी विचारा आणि वजन डोळ्यांनी बघा. न मागता टेबलावर आलेली पाव-लोणच्याची वाटी फुकट असेलच असं नाही. बिलात सेवाशुल्क आधीच धरलं असेल तर वर टीप देण्याची गरज नाही. गाडीवर मोठी नोट काढू नका.

इतकं करूनही पोट बिघडू शकतं. त्यात शेवटचं जेवण दोषी असतंच असं नाही: एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय घ्यावा, पण साल्मोनेला हा जंतू सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही डोकं वर काढतो आणि कॅम्पायलोबॅक्टर सहसा दोन ते पाच दिवसांनी. आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जास्त जपावं, कारण जठरातलं आम्ल कमी झालं की जंतूंची वाट मोकळी होते. हात साबणानेच धुवा. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

जुलाब लागले तर जलसंजीवनीचं पाकीट त्यावर लिहिलेल्या पाण्यातच विरघळवा. पाणी कमी घेतलं तर क्षार जास्त होऊन उलटा त्रास होतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. केलेलं मिश्रण 24 तासांत संपवा, उरलं तर फेकून नवं करा. शौचातून रक्त पडत असेल, ताप चढला असेल, पाणीही पोटात ठरत नसेल किंवा सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल तर जुलाब थांबवणारी गोळी न घेता सरळ डॉक्टर गाठा, आणि गेल्या तीन दिवसांत कुठे काय खाल्लं त्याची यादी सोबत न्या.