बोट रात्री कुठं थांबते ते आधी विचारा: सोलापूरकरांची छोटी, परवडणारी क्रूझ

क्रूझ म्हणलं की आपल्याकडं सगळ्यांच्या डोळ्यासमोर तेच येतं, पंधरा-सोळा मजली जहाज, वर घसरगुंड्या, रात्री शो आणि दिवसभर चालू असलेला बुफे. आणि भूमध्य समुद्रात दर रात्रीच्या हिशोबानं बघितलं तर स्वस्त पडतात तीपण हीच जहाजं, कारण एकच खर्च चार-पाच हजार माणसांत वाटला जातो. मग तू छोटी बोट कशाला शोधायलास, हे दाजींनी नवी पेठेतल्या आमच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोरच विचारलं. "पैसे जास्त देऊन बोट लहान? हे कुठलं गणित बे?"

गणित असं आहे. मोठं जहाज सकाळी लागतं, संध्याकाळी पाच-सहाला सुटतं, म्हणजे उन्हातनं गर्दीत फिरायचं आणि गाव थंड होऊन माणसं कट्ट्यावर येऊन बसायला लागली की आपण समुद्रात. त्यात जाहिरातीत लिहिलेलं शहर आणि बंदर यांचा संबंध असेलच असं नाही. 'रोम' लिहितात पण जहाज लागतं चिवितावेकियाला, तिथनं रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तेपण तेवढंच लांब. व्हेनिसला तर 25,000 टनांच्या वरच्या जहाजांना 1 ऑगस्ट 2021 पासून जुन्या शहरासमोरच्या कालव्यात बंदीच आहे, त्यामुळं काही 'व्हेनिस' क्रूझ त्रिएस्ते नाहीतर रावेन्नावरनं सुटतात. पुढं बस, टूर, जेवण सगळं वेगळं. म्हणून मी एजंटला आणि ईमेलवर सगळ्यांना पहिला प्रश्न एकच विचारायचो, बोट रात्री कुठं थांबते? गावाच्या धक्क्याला का समुद्रात? ह्या एका प्रश्नात अर्धी यादी गळाली.

उरलेल्यात शंभर-दोनशे लोकांच्या चकचकीत यॉट होत्या, त्यांचे रेट बघून लॅपटॉप मिटला. तुर्कीच्या गुलेत होत्या, लाकडी बोटी, फेथियेवरनं किनाऱ्याकिनाऱ्यानं जातात, बरेच जण डेकवरच गादी टाकून झोपतात, तरुण पोरांना झकास पण आमच्या आक्काचे गुडघे बघता नको वाटलं. आणि मग क्रोएशिया. स्प्लिट ते दुब्रोव्हनिक पट्ट्यात तीस-चाळीस माणसांच्या बोटी चालतात, बऱ्याच घरच्याच, म्हणजे कॅप्टनच मालक, पोरगा डेकवर आणि कुणीतरी पाहुणा स्वयंपाकात. आठवड्याची फेरी, बहुतेक शनिवार ते शनिवार, रात्री बोट गावात बांधलेली. बसलं की डोक्यात.

व्हिसाच्या बाजूनं पण हेच सोपं. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे आणि त्याच दिवशी युरो चलनपण आलं, त्यामुळं एकच व्हिसा, एकच चलन. मोठ्या जहाजांच्या रूटमध्ये मधेच तुर्की नाहीतर माँटेनेग्रो घुसवलेलं असतं, मग शेंगेनमधनं बाहेर पडून परत आत यायला मल्टिपल एंट्री लागते आणि वर त्या देशाचे नियम वेगळे. शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, नाकारला तरी परत मिळत नाही, आणि मेडिकल इन्शुरन्स कमीत कमी 30,000 युरोचा. आम्ही वंदे भारतनं मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. दाजी रांगेत पण विचारत होते, तिथं पाण्याला खरंच जायचंय का, का उजनीवर जाऊन येऊ.

आता पैसे. साध्या बोटीचा आठवड्याचा रेट माणशी हजार युरोच्या आतबाहेर दिसतो, डिलक्स म्हणवणाऱ्या बोटींचा त्याच्या दीडपट-दुप्पट, आणि युरो शंभरीच्या आसपास धरून हिशोब करायचा. जुलै-ऑगस्ट टाळला तर फरक पडतोच, आम्ही सप्टेंबरचा शेवट धरला, पाणी तेव्हापण पोहण्याइतकं कोमट असतं. पण खरा घोळ रेटमध्ये काय धरलंय त्यात आहे. बहुतेकांत हाफ बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि दुपारचं जेवण, रात्रीचं आपलं आपण गावात, आणि व्हार किंवा दुब्रोव्हनिकच्या धक्क्यावर बसून जेवलात तर खिसा हलका होणारच, दोन गल्ल्या आत गेलात की बरं. बंदर फी आणि टुरिस्ट टॅक्स बोटीवर रोख. पाण्याची बाटलीसुद्धा बोटीच्या बारमधनंच घ्यायची, बाहेरनं आणलेली चालत नाही असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते वाचा. एकट्यानं जायचं असेल तर सिंगल सप्लिमेंट, म्हणजे एकट्याचा जादा आकार लावतात, म्हणून जोडीदार शोधा. केबिन खालच्या डेकची स्वस्त, वरच्या डेकची महाग. आम्ही दोन्ही जोड्यांनी खालची घेतली. खिडकी म्हणजे गोल भोक, सकाळी इंजिन चालू झालं की गजर लावायची गरज नाही, पण केबिनमध्ये बसतंय कोण.

सामान मऊ बॅगेतच न्या, कडक सुटकेस पलंगाखाली जात नाही. आणि बोटवाल्यांचा ईमेल आला त्यात ठळक अक्षरात होतं, केबिनचा टॉवेल पोहायला वापरू नये, बीच टॉवेल स्वतःचा आणावा. सोलापूरच्या माणसाला हे सांगायला लागतंय होय! घरात टर्किश टॉवेलची थप्पी पडलेली, मी आठ उचलले, त्यातले दोन तिसऱ्या दिवशीपर्यंत एका जर्मन आजी-आजोबांकडं गेले. शेंगाचटणीचं पाकीट चेक-इनमध्ये, तूप-पेढे मात्र नेऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरनं युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे.

स्प्लिटला एक रात्र आधीच पोचा. रोमन बादशहा डायोक्लेशन 305 साली राज्य सोडून इथं राहायला आला, त्याचा राजवाडा म्हणजेच आजचं जुनं गाव, भिंतींच्या आत लोकांची घरं, वाळत घातलेले कपडे, खाली कॉफीची दुकानं. तिकीट न काढता हिंडता येतं आणि बोटींचा धक्का तिथनं चालत.

बोटीचा दिनक्रम असा, सकाळी निघायचं, कुठल्यातरी निळ्याशार खाडीत इंजिन बंद करून नांगर टाकायचा, मागच्या शिडीवरनं पाण्यात, मग जेवण, दुपारी पुढच्या गावात. आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांनी बुकिंगलाच लिहून द्यायचं आणि चढल्यावर परत सांगायचं. रोज पास्ता येईल ही भीती होती पण ब्लित्वा म्हणून एक पालेभाजी-बटाट्याची भाजी मिळायची, लसूण आणि ऑलिव्ह तेलात, वर शेंगाचटणी भुरभुरली की आक्का खूष.

खरी गंमत रात्री. गावांचे धक्के लहान, त्यामुळं बोटी एकमेकींना खेटून बांधतात, कधी कधी चार-पाच एका ओळीत, आणि आपली शेवटची असेल तर बाकीच्यांच्या डेकवरनं चालत जायचं. रात्री जेवून परतताना कोर्चुला गावात दुसऱ्या बोटीच्या हॉलमधनं गेलो, तिथं पत्ते चाललेले, एकानं डोळे वर न करताच "गुड इव्हनिंग" म्हणलं, पुढच्या बोटीवर कुणाचे तरी ओले कपडे डोक्याला लागले, मग दोन बोटींमधली फट, खाली काळं पाणी, आक्का थांबली. "मला नाही जमायचं." दोन्ही बाजूंनी अनोळखी हात आले, ती पलीकडं गेली आणि दुसऱ्या दिवशीपासनं सगळ्यांच्या आधी उडी मारायला लागली. त्याच कोर्चुलाच्या गल्ल्या माशाच्या काट्यासारख्या आखल्यात, उन्हाळ्याची झुळूक आत यावी आणि हिवाळ्यातला 'बुरा' नावाचा बोचरा वारा अडावा म्हणून. सोलापुरातल्या मे महिन्यात हे डोक्यात आलं असतं तर बरं झालं असतं.

म्ल्येत बेट मला सगळ्यात आवडलं. दोन खाऱ्या पाण्याची तळी, मोठ्या तळ्यात छोटं बेट, त्यावर जुना मठ, 1960 पासून राष्ट्रीय उद्यान, तिकीट वेगळं. तिथं झाडीतनं सुर्रकन काहीतरी गेलं, मी म्हणलं मुंगूस, बायको म्हणाली, "अहो, इथं कुठलं मुंगूस, तुम्हाला सगळीकडं रानच दिसतंय." पण तिथल्या पोरीनं सांगितलं, खरंच मुंगूस आणि तेपण भारतीय जातीचं. साप लई झाले म्हणून 1910 साली आणून सोडले, साप कमी झाले पण आता पक्ष्यांची अंडीपण तेच खातात.

एक दिवस युगो लागला. हा आग्नेयेकडनं येणारा वारा, ढग, पाऊस आणि लांब लाटा घेऊन येतो. कॅप्टननं व्हिस बेट रद्द केलं. एका इंग्लिश जोडप्यानं वाद घातला, पण करारात लिहिलेलंच असतं की हवेवरनं मार्ग बदलायचा हक्क कॅप्टनचा. व्हिस हुकल्याचं मलापण वाईट वाटलं, युगोस्लाव लष्कराचा तळ म्हणून ते 1989 पर्यंत परदेशी लोकांना बंद होतं. त्यामुळं एकाच बेटासाठी बोट निवडू नका. उलटीची गोळी मात्र लाटा सुरू व्हायच्या आधी घ्या.

दुब्रोव्हनिकला बोट ग्रूझ बंदरात लागते, जुन्या शहरापर्यंत सिटी बस आहे. 1,940 मीटरच्या तटबंदीवर चालायचं तिकीट महाग, पण दरवाजे उघडतानाच गेलात तर वसूल, दहानंतर ऊन आणि मोठ्या जहाजांची गर्दी एकदमच येते. दाजी वरनं त्या जहाजांचे गळ्यात पट्टे घातलेले लोक झेंड्यामागं चाललेले बघत होते, काही बोलले नाहीत, नुसतं माझ्या पाठीवर थाप मारली.

शेवटच्या संध्याकाळी कॅप्टनचा पोरगा वही घेऊन बसला, केबिन नंबरवार बारचा हिशोब. क्रूसाठी टिपचं पाकीटपण तेव्हाच देतात, ते पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. आमच्या केबिनसमोर पाण्याच्या बाटल्या, दाजींच्या केबिनसमोर पानभर कॉफ्या. ते म्हणाले, "हे चूक आहे." पोरानं शांतपणे तारीख-वार वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच ओळीला आक्कानं पर्स उघडली.