लिनक्स फुकट, मग यांचं भागतं कसं?

कोणाच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे तिचा उबुंटू किंवा मिंट हा अवतार, टाकून दिला की हा प्रश्न ठरलेला: 'फुकट देतात म्हणजे आपली माहिती विकत असणार. नाहीतर यांचं भागतं कसं?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. संशय रास्त आहे, मोबाईलवरच्या फुकट ॲपांनी आपल्याला तेवढं शहाणं केलंय. पण इथला हिशेब निराळा.

आधी फुकट का, ते. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकत असताना लिनक्सचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा गाभा, लिहिला. त्याच्या पहिल्या परवान्यात वाटपाचे पैसे घ्यायला चक्क मनाई होती. १९९२ मध्ये त्याने ती काढली आणि मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांचा जीपीएल परवाना लावला. त्यात पैसे घ्यायला बंदी नाही. स्टॉलमन स्वतः ईमॅक्स एडिटर टेपवर भरून १५० डॉलरला विकत असत. अट वेगळीच आहे. ज्याला प्रोग्राम दिलात त्याला सोर्स कोडही (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) मिळाला पाहिजे, आणि त्याने तो पुढे कोणालाही वाटला तर अडवायचं नाही. आता पहिल्या गिऱ्हाइकाला तुम्ही हजार रुपयांना विकलंत, तरी दुसऱ्या दिवशी ते नेटवर टाकायला तो मोकळा. प्रतीची किंमत शून्यावर येणारच. त्यामुळे धंदा करायचा तर जिची कॉपी मारता येत नाही अशी गोष्ट विकावी लागते.

रेड हॅट ही कंपनी नेमकं तेच विकते. सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम, त्यामुळे हे रोज समोर असतं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ च्या सर्व्हरवर कर्नलचं व्हर्जन विचारा, ४.१८ असं उत्तर येतं. म्हणजे २०१८ सालचं. नवीन पोरं ते बघून दचकतात. पण आकडा फसवा आहे. नव्या कर्नलमध्ये सुरक्षेचं एखादं भोक बुजवलं गेलं की रेड हॅटचे इंजिनिअर तोच पॅच (दुरुस्तीचा कोड) मागे आणून ४.१८ मध्ये बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. मधल्या वर्षांत आजूबाजूचा कोड बदललेला असतो, नुसतं चिकटवून भागत नाही. कधी पॅच जवळजवळ नव्याने लिहावा लागतो आणि मग त्याने दुसरं काही मोडलं नाही ना, ते तपासत बसावं लागतं. २०१९ मध्ये आलेल्या या आवृत्तीसाठी २०२९ पर्यंत हे करायचं ठरलेलं आहे. हौसेखातर दहा वर्षं असलं कंटाळवाणं काम कोण करील? बँकेला मात्र हेच हवं असतं. काही हलू नये, रात्री दोनला सर्व्हर बसला तर फोन उचलायला कोणी असावं, आणि ऑडिटरने 'सपोर्ट कोणाचा?' विचारलं की दाखवायला कागद असावा. वार्षिक सबस्क्रिप्शन भरतात ते याचं. वर्षभरात मदतीसाठी एकही तिकीट टाकावं लागलं नाही तरी रिन्यूअलची फाइल सहसा कोणी अडवत नाही. अशा सबस्क्रिप्शनवर चालणारी ही कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलर मोजून घेतली. तिचं एक मोठं ऑफिस आपल्या पुण्यात मगरपट्ट्यात आहे.

रेड हॅटच्याच कोडवरून बनणारं सेंटओएस हे लिनक्स फुकट मिळायचं. कितीतरी लहान होस्टिंगवाल्यांचा संसार त्यावर चालला होता. डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएस ८ ची मुदत २०२९ वरून रेड हॅटने थेट २०२१ अखेरीवर आणली. २०२३ मध्ये एंटरप्राइझ लिनक्सचा सोर्स सर्वांसाठी मांडणंही थांबलं, तो गिऱ्हाइकांपुरता राहिला. परवान्याच्या अक्षरात हे बसतं म्हणतात. बसत असेलही, मला रुचलं नाही. रॉकी आणि अल्मा ही लिनक्स सेंटओएसची मुदत कापल्याच्या रागातून आधीच, २०२१ मध्ये, उभी राहिली होती.

उबुंटूची गोष्ट वेगळी. मार्क शटलवर्थने आपली थॉट कंपनी १९९९ मध्ये व्हेरिसाइनला विकली आणि त्या पैशातून २००४ मध्ये उबुंटू काढलं. घरपोच सीडीसुद्धा फुकट यायच्या! पण खिसा कितीही खोल असला तरी कधीतरी मिळकत लागतेच. २०१२ मध्ये उबुंटूच्या सर्चमध्ये ॲमेझॉनवरच्या वस्तू दिसू लागल्या, तुम्ही काय शोधता ते बाहेर जात होतं, म्हणजे तुमचा संशय तेव्हा निदान अर्धा खरा ठरला होता. लोकांनी इतकं झोडपलं की पुढे ते बंद झालं. आता जास्त वर्षं सुरक्षा-अपडेट देणारं उबुंटू प्रो आहे. घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत फुकट, कंपन्यांना पैसे.

कर्नलचा बराचसा कोड तर पगारी माणसंच लिहितात. इंटेल, एएमडी, गूगल यांच्या पगारावर. आपली चिप पहिल्या दिवसापासून लिनक्सवर चालावी, हा इंटेलचा स्वार्थ. डेबियन हे लिनक्स स्वयंसेवकांवर चालतं, मिंट देणग्या आणि प्रायोजकांवर. दर महिन्याला किती देणग्या आल्या ते मिंटवाले जाहीर करतात.

पण गिऱ्हाईक फक्त वरचं बघतं, तळातल्या लहानशा लायब्ररीपर्यंत पैसा झिरपत नाही. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी लायब्ररी जवळजवळ एकटा माणूस विनामोबदला सांभाळत होता. मदतीच्या नावाखाली कोणीतरी त्याचा विश्वास कमावला आणि तिच्यात चोरवाट घातली. ती फेडोरा (आणखी एक लिनक्स) आणि डेबियन यांच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोचली होती. मार्च २०२४ मध्ये ती पकडली आंद्रेस फ्रॉइंडने. तो मायक्रोसॉफ्टच्या पगारावर पोस्टग्रेस डेटाबेसचं काम करतो, आणि लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खणत गेला होता.