डेटाबेस चढला, पण कुठे?

"डेटाबेस चढवलाय, चार तास लागले. पण साइट म्हणतेय डेटाबेसशी संपर्क होत नाही. बघता का जरा?"

'चार तास' ऐकूनच मनात पाल चुकचुकली. फाइल मॅनेजर उघडला, तर पब्लिक एचटीएमएलमध्ये, म्हणजे ज्यातलं सगळं इंटरनेटवर कुणालाही दिसतं त्या फोल्डरमध्ये, 'डेटा' नावाचा फोल्डर आणि आत आयबीडेटा१, एफआरएम, आयबीडी फाइलींची ही रांग. गृहस्थांनी जुन्या मशीनवरचा मायएसक्यूएलचा (डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम) डेटा फोल्डर एफटीपीने, म्हणजे साध्या फाइली चढवायच्या वाटेने, जसाच्या तसा आणून ठेवला होता. त्यांचं तरी काय चुकलं? फोटो चढवले की दिसतात, पानं चढवली की दिसतात, मग डेटाबेसनेच काय घोडं मारलंय?

शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तिथे, मायएसक्यूएल सर्व्हर एक आणि खातेदार अनेक. त्याचा डेटा फोल्डर आपल्या खात्याबाहेर असतो, तिथे आपला हात पोचत नाही. आत जायला एकच दार, एसक्यूएल डंप: टेबलं कशी बनवायची आणि त्यांत काय भरायचं हे सांगणारी साधी टेक्स्ट फाइल.

सहज म्हणून ब्राउझरमध्ये त्या आयबीडेटा१चा पत्ता टाकला. डाउनलोड सुरू! ना पासवर्ड, ना काही. सभासदांचे ईमेल सकाळपासून उघड्यावर पडले होते. फोल्डर आधी खात्यातच पब्लिक एचटीएमएलच्या बाहेर हलवला, मग माझ्या मशीनवर उतरवून घेतला.

जुनी मायएसक्यूएल ज्या आवृत्तीची, तीच माझ्याकडे टाकली. सर्व्हर बंद ठेवून लॉग फाइलींसकट अख्खा फोल्डर जागेवर ठेवला आणि चालू केला. उठला. (नशीबच म्हणायचं. चालू सर्व्हरमधून कॉपी केलेला फोल्डर पुष्कळदा उठत नाही.) डंप काढला १८० एमबीचा, जीझिपने दाबून लहान केल्यावर २३. डंप चढवायचं पान पीएचपी या भाषेवर चालतं; पीएचपीची मूळ अपलोड मर्यादा २ एमबी असते, इथे ती ५० करून दिलेली होती, म्हणून तुकडे करायची वेळ आली नाही.

डंप चढवायला घेतला, तर पहिल्याच ओळीला एरर १०४४, प्रवेश नाकारला. डंपमध्ये 'क्रिएट डेटाबेस' होतं, आणि तो अधिकार आपल्याला नसतो. डेटाबेस होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधूनच बनवायचा, त्याच्या नावाला खात्याचं नाव आपोआप चिकटतं. ओळ उडवली, गाडी पुढे सरकली.

साइट उघडली आणि मी कपाळाला हात लावला. मराठी मजकुराच्या जागी नुसते टोपीवाले रोमन 'ए', मधूनमधून जपानी येनची खूण. यूटीएफ-८ म्हणजे सगळ्या लिप्या साठवायची पद्धत; देवनागरीचं एक अक्षर तिच्यात तीन बाइटांचं. जुन्या साइटने ते बाइट लॅटिन-१ टेबलात कोंबले होते, जिथे एक बाइट म्हणजे एक रोमन अक्षर किंवा खूण. वाचतानाही तशीच वाचायची, म्हणून कुणाला पत्ता लागला नव्हता. डंप काढताना माझ्याकडून प्रत्येक बाइटाचं वेगळं अक्षर झालं. पुन्हा डंप काढला, या वेळी कमांड लाइनवरून, कॅरेक्टर सेट लॅटिन-१ सांगून, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर आले. मग फाइलमध्ये जिथे जिथे लॅटिन-१ लिहिलं होतं तिथे यूटीएफ-८-एमबी-४ (मायएसक्यूएलमध्ये पूर्ण यूटीएफ-८चं नाव) केलं आणि परत चढवला.

मराठी दिसली. फोन करून कळवलं.

"वा! मग तो फोल्डर परत तिथेच ठेवू ना, बॅकअप म्हणून?"