अजून मत नाही

रविवार, रात्री साडेअकरा

संध्याकाळी भाचीचा फोन आला. “मावशी, मी प्रचाराला जाऊ का? आई नको म्हणतेय.” १६ वर्षांची आहे ती. ताईचं म्हणणं तिनेच सांगून टाकलं: मतदार यादीत नाव नाही, मग उगाच वणवण कशाला? मी म्हटलं, उद्या सांगते. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

मी गेले तेव्हा १७ची होते. पहिले काही दिवस पत्रकांच्या घड्या घालण्यात आणि यादीतल्या नावांपुढे खुणा करण्यात गेले. मग दारोदार फिरणं सुरू झालं. एका आजोबांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “तुझं मत कुणाला?”

“मला अजून मत नाही.”

“मग माझं का मागतेस?”

तेव्हा मला बोलता आलं नाही. आज सांगितलं असतं, आजोबा, मत नाही म्हणूनच मागतेय. हे निवडून येतील, त्यांच्या मुदतीतली बहुतेक वर्षं मी सज्ञान झालेली असेन, पण निवडताना मला कुणी विचारलेलं नसेल. त्या दारात तुमच्याशी बोलणं एवढंच माझ्या हातात होतं.

आणि वयाची ही रेषा तरी कुठे अढळ आहे? भारतात ती २१ होती. १९८८ साली संसदेने ६१वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि पुढच्या वर्षीपासून १८ झाली. ऑस्ट्रियाने २००७मध्ये १६ केली. स्कॉटलंडच्या २०१४च्या सार्वमतात १६-१७ वर्षांच्या मुलांनी मत दिलं. म्हणजे भाचीच्या वयाची मुलं तिकडे मतदार आहेत. इकडे तिला “तुला काय कळतं” ऐकावं लागतं.

आज सगळ्यात जास्त आठवतंय ते बर्मिंगहॅम, अमेरिकेतलं, मे १९६३चं. वर्णभेदाविरुद्ध मोर्चात उतरलं तर मोठ्यांच्या नोकऱ्या जात होत्या. मुलांना गमवायला नोकरी नव्हती. हजाराहून अधिक मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्यांच्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारले, पोलिसांची कुत्री सोडली, शेकडो मुलं तुरुंगात गेली. मतदानाचं वय तर सोडाच, तिथल्या कितीतरी कृष्णवर्णीय आईबापांनाही मतदार म्हणून नोंदणी करू दिली जात नव्हती. मतदान हक्काचा कायदा झाला १९६५मध्ये. प्रचाराला जाणं आणि हे एका मापाचं नाही, मला ठाऊक आहे. पण ज्यांना मत नाही त्यांचं राजकारणात काय काम, असं कुणी म्हटलं की मला ती मुलं दिसतात.

तरी ताईची काळजी मी झटकून टाकणार नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना बजावलं होतं की प्रचारात मुलांना वापरू नका, घोषणा द्यायला लावू नका. ते योग्यच होतं. लहानग्याच्या हातात झेंडा देऊन त्याला गर्दीपुढे उचलून धरायचं, यात त्या मुलाचं स्वतःचं काहीच नसतं. माझ्या भाचीने मात्र जाहीरनामा वाचलाय आणि त्यातलं काय पटत नाही तेही मला सांगितलंय. फरक आहे तो इथे. आणि तिथले नियम तिच्या वयाला ज्या कामाची मुभा देतात तेवढंच काम, हेही मी तिला सांगणार.

पण मला सलते ती वही. दारात लोक आम्हाला अडचणी सांगायचे, मी त्या लिहून घ्यायचे. “नक्की पोचवते,” म्हणायचे. मनापासून म्हणायचे. एका बाईंनी तर मला परत बोलावून, नीट लिहिलंस ना, म्हणून वाचून दाखवायला लावलं होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले तर कार्यालयाला कुलूप. पुढे दोनदा गेले. आमच्याबरोबर हसून फोटो काढणाऱ्यांपैकी कुणालाही ती वही नको होती. निवडणूक आम्ही जिंकली होती, तरीही. त्या बाईंच्या घरावरून जायचं मी कितीतरी दिवस टाळत होते.

उद्या ताईशी आधी बोलेन. भाचीला सांगेन, जा. अभ्यास सांभाळून, संध्याकाळी कुणाच्या तरी सोबतीने, आणि पटणार नाही ते दारात बोलायचं नाही, कुणीही सांगितलं तरी. वही जरूर घे. पण पहिल्याच दिवशी तिथल्या मोठ्यांना विचार, ही वही निकालानंतर कोण वाचणार? नाव सांगितलं तर ते पहिल्या पानावर लिही.