नकाशावरची सरळ रेघ

दिवाळीला नागपूरला आलो की एक दुपार लकडगंजातल्या काकांच्या आरामशीनवर जाते. लहानपण तिथल्या भुशातच गेलं. मी स्वीडनमध्ये झाडतोडणीचं काम घेणाऱ्या ठेकेदाराकडे नियोजन बघतो, हे काकांना ठाऊक आहे, पण यंदा त्यांनी धरलंच.

"आख्ख्या जंगलाचा भाव काढतो म्हणे तू. कसा काढतो बे?"

म्हटलं, आधी हा समोरचा गोल, म्हणजे ओंडका, मोजू. काकांनी टेप गुंडाळला. घेर 120 सेंमी, लांबी 3 मीटर. त्यांनी खडूने सालीवरच हिशोब मांडला: पाव घेर 30, तिसाचा वर्ग, गुणिले लांबी. आलं 0.27 घनमीटर. मी मोबाइलवर गोलाचं खरं आकारमान काढलं, 0.344.

"काय सांगून राहिला बे? एवढा फरक?"

फरक खराच आहे. पाव घेराच्या जुन्या पद्धतीत गोल चौरस करताना जाणारी घट आधीच सोडलेली असते, शेकडा साडेएकवीसच्या आसपास. तिकडे पूर्ण गोलाचे पैसे मिळतात, पण साल वगळून. त्यामुळे कुणी घनमीटरचा भाव सांगितला की मी पहिल्यांदा विचारतो, कोणता घनमीटर?

उभं जंगल मोजायला माझ्याकडे एक छोटा बिल्ला असतो. त्याला ठरावीक लांबीची दोरी आणि टोकाला खाच. दोरीचं एक टोक गालाशी धरायचं, बिल्ला समोर धरून जागच्या जागी एक गिरकी घ्यायची. छातीच्या उंचीवर खाचेपेक्षा जाड दिसेल ते प्रत्येक खोड मोजायचं. मोजलेलं एक खोड म्हणजे हेक्टरी एक चौरस मीटर बुंध्यांच्या आडव्या छेदांचं क्षेत्र. काकांना मी तिकडच्या एका जुन्या कामाचं सांगत होतो: साधारण 45 एकरांचं, म्हणजे 18 हेक्टरचं स्प्रूस आणि पाइनचं रान. वेगवेगळ्या जागी गिरक्या घेऊन सरासरी आली 28. उंची 22 मीटर. दोन्हींचा गुणाकार करून त्याच्या निम्म्याहून थोडं कमी धरलं की हेक्टरी 280 घनमीटर. एकूण पाच हजार.

काकांना वाटलं, झालं, आता पाच हजाराला भावाने गुणायचं. मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं.

तोडणीचा खर्च लाकडावर कमी आणि यंत्राच्या तासांवर जास्त ठरतो. हार्वेस्टर झाड पकडतो, कापतो, फांद्या सोलतो, तुकडे पाडतो. खोड बारीक असो की जाड, यंत्राचा वेळ जवळपास सारखाच जातो, मिनिटभर धरा. आमचं सरासरी खोड 0.35 घनमीटरचं होतं, म्हणजे चौदा हजारांवर झाडं आणि 240 तास. तेवढंच लाकूड बारीक खोडांत असतं तर तास दुप्पट झाले असते. हे मी नीट धरलं होतं. ट्रेलरवरून यंत्रं आणण्याचा खर्च छोट्या कामाला जीवघेणा, पाच हजार घनमीटरात तो जाणवतही नाही. परवानगीचंही वेळेत झालं. अर्ध्या हेक्टरपेक्षा मोठी तोडणी असेल तर तिकडच्या वनखात्याला सहा आठवडे आधी कळवावं लागतं. (काका यावर बराच वेळ हसले. का, ते इथं लिहीत नाही.)

गोची झाली ती ओढाईत. ओंडके रस्त्यापर्यंत आणतो फॉरवर्डर, आठ चाकांचा, एका खेपेला साधारण 14 घनमीटर. नकाशावर रस्ता 300 मीटरवर दिसला, मी तेवढंच अंतर धरलं. मध्ये एक दलदल होती, पण काम जानेवारीत होतं, जमीन गोठलेली असेल असं मी गृहीत धरलं. त्या वर्षी थंडी पडलीच नाही. दलदलीतून यंत्र घातलं तर गुडघाभर चाकोऱ्या पडून गाळ ओढ्यात जातो. मग वळसा घातला, 700 मीटर.

काकांनी लगेच खडू उचलला. "जास्तीचे 400. जाऊन-येऊन 800. चालतो किती?"

"मिनिटाला पन्नासेक मीटर."

"म्हणजे खेपेला सोळा मिनिटं. खेपा?"

"साडेतीनशेच्या वर. 357."

सालीवर आकडा आला, 95 तास. मला तो तेव्हा काम संपल्यावर महिन्याभराने कळला होता.

"हे पैसे भरले कोणी?"

"आम्हीच. भाव आधीच ठरला होता ना."

काका पूर्वी कूपातून, म्हणजे जंगलातल्या तोडणीच्या पट्ट्यातून, माल उचलायचे. गडचिरोलीतल्या कमलापूरचे हत्ती लाकूड ओढताना त्यांनी पाहिलेत. म्हणाले, "हत्ती ओल्या जागेत आधी पाय टाकून पाहतो. तू तर नकाशाच पाहत बसला."

हल्ली मी बूट चढवून वाट आधी चालून येतो. जिथून यंत्र जाईल तिथं झाडांना रंगीत फिती बांधतो, ओल असेल तिथं फांद्यांची गादी टाकायची खूण करतो, आणि भावात दोन आकडे देतो: गोठलेल्या जमिनीचा एक, ओल्याचा वेगळा. जमीनमालक कुरकुरतात. कुरकुरू देत.

तोवर काका बिल्ला घेऊन अंगणात गिरकी घेत होते. एक डोळा मिटून त्यांनी अकरा मोजले, त्यात महावितरणचा खांबही होता.

"पुढच्या खेपेला येताना," ते म्हणाले, "हे एक जास्तीचं आण."